घरचा हिशेब : मळ्यातल्या खोलीत सूर्याची वीज



गेल्या पंधरवड्यात भंडाऱ्याहून एका भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "आम्ही शेतात दहा बाय बाराची एक खोली बांधतो आहोत. मामंजी-सासूबाई रोवणीपासून कापणीपर्यंत तिथेच राहतील म्हणतात. विजेचे खांब फार दूर आहेत. सोलर बसवायचं ठरलंय, पण दुकानदार एक सांगतो, दीर दुसरंच सांगतात आणि घरचे म्हणतात, हप्त्यावर मिळतंय ना, घेऊन टाक. पैसे माझ्या भिशीतले जाणार आहेत. काय घेऊ आणि किती घेऊ?"

पत्र वाचले आणि हातातले भाजी निवडणे तसेच राहिले. कारण हीच चूक मी एकदा करून बसले आहे. ती सांगितल्याशिवाय सल्ला द्यायला बसणे बरे नाही.

आमची पहिली खेप

माझे सासर पवनी तालुक्यातल्या आसगावचे. हा सगळा चौरासचा भाग, धानाचा. गावात वीज आहे, पण आमच्या बांध्या गावापासून लांब आणि मळ्यातल्या खोलीपर्यंत एकही खांब नाही. मामंजी गेल्यावर सासूबाईंचा मुक्काम धाकट्या भाऊजींकडे आणि जाऊबाईंकडे असतो. पऱ्हे टाकले की तिघेही मळ्यात जातात, ते धानाचे पुंजणे लागेपर्यंत तिथेच. रात्री उजेड म्हणजे रॉकेलची चिमणी आणि भाऊजींची बॅटरी.

मी शहरात राहणारी सून. मला वाटले, आपण काहीतरी करावे. एका दुकानात गेले आणि "खोलीपुरतं सोलर द्या" म्हणाले. त्याने १०० वॅटचे एक पॅनेल, मोटारगाडीची एक बॅटरी, एक छोटा इन्व्हर्टर, तीन दिवे आणि एक साधा टेबलफॅन दिला. सगळे मिळून चौदा हजार रुपये. मी स्वस्तात मिळाले म्हणून खूश! पॅनेल भाऊजींनी आंब्याखाली उभे केले. चोरीला जायला नको आणि ऊन लागून खराब व्हायला नको म्हणून!

जून बरा गेला. जुलैत दिवे रात्री दहाला मंद व्हायला लागले. ऑगस्टमध्ये बॅटरीने अंग टाकले. पोळ्याच्या आदल्या रात्री सासूबाई उठल्या, बटण दाबले, दिवा लागला नाही. चिमणी तर आम्ही मोठ्या तोऱ्याने माळ्यावर टाकली होती. ओल्या ओट्यावरून पाय घसरला आणि उजवे मनगट मोडले. दीड महिना हात गळ्यात बांधलेला. मी भेटायला गेले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या त्या काचेपरिस माही चिमणी बरी होती, बाई."

दुकानदाराला बोल लावून काय उपयोग? मी त्याला काय काय चालवायचे, किती वेळ चालवायचे, हे सांगितलेच नव्हते. किराणा आणायला जाताना आपण यादी करतो आणि चौदा हजारांची वस्तू आणायला मी हात हलवत गेले होते.

वॅट आणि वॅट-तास : नळ आणि घागर

हिशेबाला लागणारे दोनच शब्द आहेत, ते आधी समजून घेऊ. वॅट म्हणजे नळाची धार किती मोठी. वॅट-तास म्हणजे एकूण किती घागरी भरल्या. धार बारीक असली तरी रात्रभर चालली तर हौद भरतो. धार मोठी असली आणि मिनिटभरच चालली तर बादलीही भरत नाही. वॅटला तासांनी गुणले की वॅट-तास येतात. बिलात लिहितात ते एक युनिट म्हणजे असे १,००० वॅट-तास.

आता आमच्या पहिल्या खेपेची आवक-जावक बघा. साधा पंखा ५० वॅट, रात्रीचे ८ तास : ४००. तीन दिवे ९-९ वॅटचे, ५ तास : १३५. आणि जे कोणाच्या ध्यानातच आले नाही ते असे. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतःसाठी थोडी वीज खातो. आमचा सुमारे १० वॅट खात होता आणि चोवीस तास चालूच असायचा, म्हणजे २४०. एकूण जावक ७७५ वॅट-तास.

आवक किती? पावसाळ्यात भरपूर उन्हाचे तास दिवसाला तीनच धरावेत. १०० वॅट गुणिले ३ म्हणजे ३००. त्यातून तार, बॅटरी, धूळ, उष्णता यांत चौथा हिस्सा जातो. हाती उरले २२५, आणि तेसुद्धा पॅनेल आंब्याखाली नसते तर! सव्वादोनशे आवक आणि पावणेआठशे जावक असलेला संसार किती दिवस चालेल, हे तुम्हांला मी सांगायला नको.

आधी यादी, मग बाजार

दुसऱ्या खेपेला मी, जाऊबाई आणि सासूबाई तिघी वही घेऊन बसलो. मी पंखा, टीव्ही, मिक्सर असे सांगत होते. सासूबाई म्हणाल्या, "मले ओट्यावर रातभर एक दिवा पायजे. बाकी तुमचं तुम्ही पाहा." ज्याला गरज आहे त्यालाच विचारावे, ते असे.

आमची यादी अशी झाली :

खोलीतला दिवा, ७ वॅट, ५ तास — ३५
चुलीजवळचा दिवा, ५ वॅट, ३ तास — १५
ओट्यावरचा दिवा, ५ वॅट, रात्रभर १० तास — ५०
बारा व्होल्टवर चालणारा पंखा, २५ वॅट, ८ तास — २००
दोन मोबाइल — ३०
रेडिओ, ५ वॅट, २ तास — १०
एकूण — ३४० वॅट-तास.

बघा, पंखा एकटाच निम्म्याहून जास्त घेतो. म्हणून पैसे वाचवायचे ते पंख्यात नव्हेत. कमी वीज खाणारा पंखा चार पैसे महाग मिळतो, पण त्यामुळे पॅनेल आणि बॅटरी दोन्ही लहान लागतात. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, म्हणजे आमच्या पंख्याच्या तिप्पट.

यादीतून काय गाळले तेही सांगते. इस्त्री १,००० वॅटची. एक तास चालवली तर आमच्या खोलीची तीन दिवसांची वीज संपते. कपडे गावातल्या घरी इस्त्री होतात. लहान फ्रिजला एकट्याला दिवसाला अर्धे ते एक युनिट लागते, म्हणून माठ. मिक्सर दहा मिनिटेच चालतो हे खरे, पण त्याच्या मोठ्या धारेसाठी मोठा इन्व्हर्टर आणि दांडगी बॅटरी लागते. चटणीला पाटा-वरवंटा आहेच.

तुम्ही म्हणाल, मग हे कसले राहणे? पुण्यातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. हेमा साने यांनी बुधवार पेठेतल्या आपल्या घरात विजेची जोडणी घेतलीच नाही, आणि तशाच राहून त्यांनी कितीतरी पुस्तके लिहिली. २०२५ साली त्या गेल्या. आपण सगळ्यांनी तसे राहावे असे मी म्हणत नाही; मला स्वतःला ते जमणार नाही. मुंबईच्या आय.आय.टी.तले प्राध्यापक चेतन सोलंकी २०२० साली सूर्याच्या विजेवर चालणारी सोय असलेल्या बसमध्ये घर करून देशभर फिरायला निघाले. त्यांचे सांगणे असे की, जी वीज टाळता येते ती टाळावी, टाळता येत नाही ती कमी करावी आणि उरेल तेवढीच तयार करावी. क्रम लक्षात घ्या. पॅनेलचा नंबर शेवटी लागतो. आम्ही पहिल्या खेपेला तिथूनच सुरुवात केली होती.

पॅनेल किती?

३४० तर वापरायचे आहेत. चौथा हिस्सा वाटेत जातो, म्हणून तयार करायचे ३४० भागिले ०.७५, म्हणजे सुमारे ४५०. पावसाळ्यातले तीन तास धरले तर १५० वॅटचे पॅनेल लागते. उन्हाळ्यात ऊन भरपूर, हिवाळ्यात आकाश स्वच्छ. कस लागतो तो आषाढ-श्रावणात. हिशेब नेहमी वाईट महिन्याचा करावा. दोन दिवस आभाळ राहिले तर नंतर बॅटरी लवकर भरून निघावी म्हणून थोडे जास्त, २०० वॅट घेतले. आधीचे १०० वॅटचे पॅनेल चांगलेच होते, त्याच्या जोडीला तशाच जातीचे दुसरे आणले. चौदा हजारांतले तेवढे तरी वाचले.

विदर्भात आणखी एक गोष्ट आहे. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. ते तापले की वीज कमी देते. पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के घट होते आणि मे महिन्यात काच साठ अंशांवर सहज जाते. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नये. खालून वारा खेळेल एवढी जागा ठेवावी.

आमच्या खोलीवर कवेलू आहेत आणि त्यांवर वानरांच्या उड्या. तिथे पॅनेल ठेवणे शक्यच नव्हते. अंगणात लोखंडी घोडीवर बसवले, तोंड दक्षिणेला. उतार आपल्या गावाच्या अक्षांशाएवढा ठेवावा. भंडारा जिल्ह्यात तो सुमारे २१ अंश येतो. कोनमापक शोधत बसू नका. जमिनीला समांतर १ मीटर अंतर गेले की मागची बाजू ३८ सेंटिमीटर उंच हवी, बस्स. एवढ्या उताराने पावसात धूळही वाहून जाते.

आणि सावली! पॅनेलमधल्या चकत्या माळेतल्या मण्यांसारख्या एकामागे एक जोडलेल्या असतात. एका फांदीची सावली कोपऱ्यावर पडली तर तेवढाच कोपरा बंद पडत नाही, बरीचशी वीज जाते. जागा ठरवण्याआधी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन अशा तीन वेळा स्वतः उभे राहून सावली बघा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, सावल्या लांबतात, तेही ध्यानात असू द्या.

बॅटरी : खरा खर्च इथे आहे

मोटारीची बॅटरी क्षणभर जोर लावून इंजिन सुरू करण्यासाठी असते. रोज रात्री निम्मी रिकामी करायला ती बनवलेलीच नसते. आमची तीन महिन्यांत गेली ती म्हणूनच. सोलरसाठी ट्यूब्युलर बॅटरी घ्यावी किंवा लिथियम फॉस्फेटची.

दोन रात्री निभाव लागावा असे धरले तर ३४० दुणे ६८० वॅट-तास. ट्यूब्युलर बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, म्हणजे १,३६० ची हवी. १२ व्होल्टने भागले की ११३ येतात. आम्ही १२० अँपिअर-तासाची घेतली. लिथियमची असती तर ऐंशी टक्के वापरता येते, म्हणून ८० अँपिअर-तासाची पुरली असती. तिला पाणी घालावे लागत नाही, ती टिकतेही जास्त. पण सुरुवातीचा पैसा जास्त लागतो आणि चार्ज कंट्रोलर त्या जातीला चालणारा हवा, हे दुकानात विचारून घ्या.

ट्यूब्युलर घेतलीत तर दर दोन महिन्यांनी, उन्हाळ्यात महिन्याला, पाण्याची पातळी बघायची. पाणी फक्त डिस्टिल्ड. विहिरीचे, नळाचे चालत नाही. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून ती चुलीजवळ किंवा बंद पेटीत कधीच ठेवू नये. हवा लागणारा, पण ऊन न लागणारा कोपरा द्यावा. उष्णतेने तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते.

आणि हे माझ्या भगिनींसाठी खास. बॅटरीजवळ काम करताना हातातल्या सोन्या-चांदीच्या बांगड्या, पाटल्या, अंगठी उतरवून ठेवा आणि मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घ्या. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण धातूची बांगडी दोन टोकांमध्ये अडकली तर ती क्षणात लाल होते आणि हात भाजतो. आम्लाचा थेंब उडाला तर साडीला भोक पडते, डोळ्यात गेला तर त्याहून वाईट. जुने सुती कपडे, डोळ्यांना चष्मा आणि जवळ पाण्याची बादली, एवढे हवेच.

तारा, फ्यूज आणि चार्ज कंट्रोलर

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर लागतो. तो बॅटरीला अजीर्ण होऊ देत नाही आणि उपाशीही मरू देत नाही. २०० वॅटसाठी २० अँपिअरचा पुरतो. साधा कंट्रोलर घेणार असाल तर पॅनेल बारा व्होल्टच्या जातीचे हवे. घरांच्या छतांवर लावतात ती ५०० वॅटची मोठी पॅनेल कोणी स्वस्तात देऊ केली, तर त्यांना एम.पी.पी.टी. जातीचा कंट्रोलर लागतो; साध्यावर निम्म्याहून जास्त वीज वाया जाते.

तारेत काटकसर करू नका. पॅनेल खोलीपासून १० मीटर असेल तर जाऊन-येऊन २० मीटर तार झाली. भर उन्हात १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे ३ व्होल्ट वाटेतच जातात, ४ च्या तारेत सुमारे १. बारा व्होल्टच्या संसारात ३ व्होल्ट म्हणजे चौथाई पगार!

बॅटरीच्या अधिक टोकाजवळ फ्यूज हवाच. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट, आधी पॅनेल. हा क्रम आम्ही भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे. लोखंडी घोडीला अर्थिंग करून घ्या. आपल्याकडे मृगाआधीच्या वादळात विजा फार पडतात. गडगडाट सुरू झाला की कोणी तारांना हात लावायचा नाही.

दिवे आणि पंखा सरळ बारा व्होल्टवर चालणारे घेतले, तर इन्व्हर्टर लागतच नाही. आमचा तो आता कपाटात आहे.

सरकारी मदत मिळते का?

पत्रातल्या भगिनीने हेही विचारले आहे. २०२४ साली सुरू झालेली पंतप्रधान सूर्यघर योजना विजेच्या लाइनला जोडलेल्या छतांसाठी आहे. लाइन नसलेल्या मळ्यातल्या खोलीला तिचे अनुदान मिळत नाही. कोणी "मिळवून देतो" म्हणून आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका. शेतीपंपासाठी राज्याची "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजना आहे. तीत शेतकऱ्याला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना पाच टक्के रक्कम भरावी लागते. पण ती पंपाची. त्या पॅनेलमधून घरच्या घरी तार ओढून दिवा लावण्याच्या फंदात पडू नका. तिथे शेकडो व्होल्ट असतात.

आणि एक सांगते. खांब खरोखर किती दूर आहे ते आधी महावितरणच्या कार्यालयात विचारा, खर्चाचा अंदाज लेखी मागा. दोन-तीन खांबांचेच काम असेल तर कदाचित लाइनच परवडेल. मी सोलरची कैवारी असले तरी तुमच्या भिशीचा पैसा मला जास्त मोलाचा आहे.

दुकानात जाताना

यादी आणि एकूण वॅट-तास लिहिलेला कागद न्या आणि दुकानदारासमोर ठेवा. जो कागद न वाचता "घ्या हो, चालतंय" म्हणेल, तिथून उठा. पॅनेलच्या पाठीवरची चिठ्ठी वाचा. वॅट, व्होल्ट आणि आय.एस. १४२८६ हा मानक क्रमांक त्यावर हवा. बॅटरीवर बनवल्याचा महिना बघा, जुनी पडून राहिलेली नको. पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटीकार्ड घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. हप्त्यावर घ्यायचे असेल तर सगळे हप्ते मिळून किती होतात ते तिथेच बसून मोजा.

वस्तू आल्यावर महिनाभर एक वही ठेवा. सकाळी उठल्यावर बॅटरीचे व्होल्ट लिहायचे, कंट्रोलरवर आकडा दिसतो. रोज थोडे थोडे कमी होत गेले तर वापर जास्त होतो आहे. मग पंखा तासभर आधी बंद. पॅनेल आठवड्यातून एकदा पुसायचे, पण पहाटे, काच गार असताना, मऊ फडक्याने. मळणीच्या दिवसांत भुसा उडतो तेव्हा रोज.

आणि शेवटचे. कितीही चांगले सोलर बसवा, उशाशी एक चार्ज केलेली बॅटरी असू द्या. रात्री मण्यार फिरते. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे आणि उजेड पाडल्याशिवाय पाय खाली ठेवू नये.

आमच्या मळ्यात ही दुसरी मांडणी दोन पावसाळे काढून बसली आहे. मागच्या श्रावणात चार दिवस सूर्य दिसला नाही. तिसऱ्या रात्री जाऊबाईंनी पंखा बंद ठेवला, रेडिओ बंद ठेवला. ओट्यावरचा दिवा मात्र चारही रात्री जळत होता. व्होल्टची वही आता सासूबाईंच्या ताब्यात आहे. त्यांना आकडे वाचता येतात, लिहायला त्या नातवाला बसवतात. मनगट थंडीत अजून दुखते. चिमणी? ती त्यांनी माळ्यावरून खाली काढून, घासूनपुसून खिडकीत ठेवली आहे, रॉकेल नसलेली. मी काही बोलले नाही.

भंडाऱ्याच्या भगिनी, तुमच्या सासूबाईंना विचारून यादी करा आणि ती मला पाठवा. बेरीज आपण मिळून करू.

पुढच्या आठवड्यात : नवे तांदूळ वर्षभर कसे साठवावेत.